नागपुरात घडणारी कोझी रहस्यमालिका : नावीन्य नेमके कुठे आणावे?

महालवासी :
नमस्कार. कोझी मिस्टरी, म्हणजे ज्यात हिंसा पडद्याआड राहते आणि वस्तीतलेच एखादे साधे माणूस गुंता सोडवते, अशा तीन पुस्तकांची मालिका मी लिहीत आहे. पहिल्या पुस्तकाचा खर्डा पूर्ण झाला आहे. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात राहणाऱ्या निवृत्त ग्रंथपाल इंदूताई ही नायिका. मारबतीच्या, म्हणजे पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी शेजारचे वृद्ध सावकार मृतावस्थेत सापडतात, आणि आदल्या रात्री त्यांचा भाचा काटोलच्या बागेतली पिकलेली संत्री देऊन गेलेला असतो. खर्डा ऐकून दोन मैत्रिणी म्हणाल्या की इंग्लंडमधले खेडे उचलून महालात ठेवल्यासारखे वाटते, आणि ते मला पटले. नायिकेला बोलका पोपट द्यावा असेही मनात आले, पण तो वरवरचा उपाय आहे. शिवाय एकाच गल्लीत तीन खून वाचकाला कसे पटतील?

इतवारीकर :
पोपट नकोच. आपण दिवस फार मोलाचा निवडला आहे, पण त्याला केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती आणि बडगे हे पुतळे निघतात, ‘घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत मिरवले जातात आणि शेवटी जाळले जातात. म्हणजे गुन्हेगाराला एखादा कागद किंवा रक्ताचा डाग पडलेला सदरा सगळ्या शहरादेखत नाहीसा करता येतो.

त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. लाकडी बैल ओढत मुले घरोघर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला जातात, आणि त्या संध्याकाळी सात वर्षांच्या मुलालाही प्रत्येक उंबरठ्यावर उभे राहून आत डोकावण्याचा हक्क असतो. इंदूताईंनी या मुलांना खुनाविषयी एक शब्दही विचारू नये. कोणी किती बोजारा दिला, एवढेच विचारावे. मुले तो हिशेब विसरत नाहीत. दरवर्षी दहा रुपये देणाऱ्या घरातून यंदा दार अर्धेच उघडून शंभराची नोट पुढे आली असेल, तर त्या घराला मुलांना लवकर वाटेला लावायचे होते. माझ्या मते आपल्याला हवे असलेले नावीन्य या चौकशीच्या पद्धतीत आहे, आणि ती इंग्लंडच्या खेड्यात शक्य नाही.

संत्राबागायतदार :
इतवारीकरांशी सहमत आहे. संत्र्यांबाबत मात्र थांबावे लागेल, कारण आमची स्वतःची बाग आहे. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबरपासून तोडणीला येते. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याचे फळ थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळते. पोळ्याला झाडावर असते ते हिरवे, आंबट फळ. तेव्हा भाच्याने काटोलच्या बागेतली पिकलेली संत्री आणणे ही आपली चूक ठरेल. पण ती दुरुस्त करू नका, त्यालाच खोटे बोलू द्या. तो काटोलला गेलाच नव्हता, हे त्याच संत्र्यांवरून सिद्ध होते.

मात्र वाचकाला ते आधी कळण्याची संधी मिळाली पाहिजे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यात हाती आलेला दुवा गुप्तहेराने वाचकापासून दडवू नये असे बजावले आहे. दुसऱ्या प्रकरणात एखादा बागायतदार वाड्यात येऊन आंबियाच्या फळगळीबद्दल चिंता करताना दाखवा. जाणता वाचक तिथेच सावध होईल.

जुना कारकून :
तीन खुनांची गरज नाही. दुसऱ्या पुस्तकात मृत्युपत्र आणावे. आपल्याकडे त्याची नोंदणी सक्तीची नसते, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यांतला एक साक्षीदार त्या तारखेला गावातच नव्हता, एवढ्यावर पुस्तक उभे राहते. पहिल्या पुस्तकात पोलिसांचा मृत्यूचा पंचनामा दाखवणार असाल, तर 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174 लिहू नका.

महालवासी :
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. संत्र्यांची चूक माझी होती, आता ती भाच्याची झाली. बोजाऱ्याच्या हिशेबाचे प्रकरण आज रात्रीच लिहायला घेते. एकच शंका उरते : शंभराची नोट भाच्याच्या हातून द्यावी, की ज्याच्यावर कोणाचाही संशय नाही अशा शेजाऱ्याच्या?