मदत हवी आहे: फक्त घाट चढताना गाडी तापते, हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडू का?

नमस्कार मंडळी,

गाडी २००४ ची. पेट्रोल, आठशे सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (इंजेक्शनवालं इंजिन), एसी मॉडेल. १,१२,००० किमी झालेत. बाबांची गाडी आहे, दोन वर्षांपासून मी चालवते.

कराडात दिवसभर फिरवली तरी तापमानाचा काटा अर्ध्याच्या खाली. सिग्नलला, बाजारातल्या गर्दीत, कुठेच कुरकुर नाही. फॅन वेळेवर लागतो, मी स्वतः ऐकलाय. पण कामासाठी महिन्यातून दोनदा चिपळूणला जावं लागतं आणि येताना कुंभार्ली घाट. पोफळी मागे पडली की दुसऱ्या गियरवर चार-पाच वळणांत काटा हलायला लागतो. अर्धा, पाऊण, मग लाल पट्टीच्या तोंडाशी. एसी तर बंदच असतो. शेवटी काचा खाली करून हीटर फुल सोडते, मग दोन मिनिटांत काटा उतरतो. मे महिन्यात हा प्रयोग करून बघा एकदा. घाटमाथा आला की हेळवाकपर्यंत सगळं आपोआप शांत.

पाणी कमी होतं, पण गाडीखाली थेंब नाही. एक विचित्र गोष्ट: घाट चढून आल्यावर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली काठोकाठ भरलेली असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार झाल्यावरही तशीच. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत मात्र पाणी खाली गेलेलं.

बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, आणि मधूनमधून 'पाणी अर्धा लि.' अशा नोंदी. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, तेच घातलं जायचं. वहीवरून कळलं की दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला ('आपल्याकडे गरज नसते') आणि त्यानंतर ॲव्हरेज १८ वरून १५-१६ वर आलं. तापण्याचा उपाय म्हणून काढला होता, तापणं काही थांबलं नाही.

आता एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल, १४ हजार. दुसरा म्हणतो, "ताई, भंगारात द्या." पण गॅस्केट गेल्याच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत: ऑईल स्वच्छ आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हेड उघडायच्या आधी घरी काय तपासता येईल?

प्रतिसाद १
फॅन डायरेक्ट करून टाका. चावी फिरवली की फॅन चालू, टेन्शन संपलं. माझ्या गाडीला सहा वर्षं तसाच आहे.

प्रतिसाद २
डायरेक्ट करून इथे काही होणार नाही. फॅनचा दोष असता तर बाजारातल्या गर्दीत तापली असती. यांची गाडी नेमकी तिथेच थंड राहते. चढावर इंजिन जोर लावतं, जास्त उष्णता तयार होते आणि ती बाहेर टाकायला रेडिएटर अपुरा पडतो. हीटर लावल्यावर काटा उतरतो, कारण हीटर हा तुमचा दुसरा, छोटा रेडिएटर.

ताई, बाटलीची गोष्ट लिहिलीत ते फार बरं केलंत. रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरतो, त्यामुळे पाणी ११५-१२० डिग्रीपर्यंत उकळत नाही. दुसरा, मधला छोटा, गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तुमचं पाणी बाहेर जातंय पण परत येत नाही, म्हणजे झाकण संशयित नंबर एक. दीड-दोनशे रुपयांची वस्तू. बाटलीला जाणारी नळी चिरलेली असली तरी असंच होतं, तीही बघा.

गॅस्केटसाठी: सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी) दाबून बघा. मऊ असेल तर चांगलं. टणक, फुगलेला असेल तर सिलिंडरमधला गॅस आत शिरतोय. मग झाकण काढून (गार असतानाच! गरम झाकण उघडून हात भाजलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत) पाणी गळ्यापर्यंत भरा, इंजिन सुरू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या, ती अडकलेली हवा असते. रेस केल्यावर सोड्याच्या बाटलीसारखे येतच राहिले तर मेकॅनिक बरोबर.

बोअरचं पाणी वाचून मात्र मन खट्टू झालं. क्षार बसून खालच्या नळ्या बुजल्या असणार.

प्रतिसाद ३
+१. गाडी तापवून बंद करा, चावी काढून घ्या, मग रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवा. एखादा भाग गार लागला तर तिथून पाणी फिरत नाही.

धागाकर्ती
सर्वांचे आभार! आज सकाळी सगळं केलं. होज मऊ. दहा मिनिटं इंजिन चालवलं, सुरुवातीला तीन बुडबुडे, नंतर काही नाही. झाकणाचं रबर नखाने दाबलं तर तुकडाच हातात आला. जाळीवर हात फिरवला: वरचा भाग चटका देणारा, खाली डावीकडे साधारण वहीएवढा तुकडा कोमट.

रेडिएटरवाल्याकडे नेली. त्याने उतरवून उलटा केला तर चहाच्या चोथ्यासारखा तांबडा गाळ. पितळी आहे म्हणून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करतोय, १,२०० म्हणाला. झाकण नवीन घेतलं. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हेड उघडत नाहीये.

शेवटचा प्रश्न: थर्मोस्टॅट परत बसवायचाय. दुकानदार ८२ आणि ८८ डिग्रीचे दोन दाखवतोय. घाटासाठी ८२ च बरा ना?

प्रतिसाद २
घाटाचा संबंध नाही. आकडा म्हणजे तो उघडायला कधी लागतो ते. चढावर दोन्ही पूर्ण उघडे असतात. कंपनीने जो दिला असेल तोच घाला.

धागाकर्ती
वहीत २०१३ चं बिल टाचलेलं सापडलं, त्यावर ८२. तोच घेतला. पुढच्या गुरुवारी चिपळूण आहे, येताना काटा कुठे राहतो ते इथेच लिहिते.