उत्तर: शिल्लक निधी – संगणक-कक्ष की ताईंचा पगार?

कोषाध्यक्ष:

नमस्कार मंडळी,

इथे परदेशात आपण केलेल्या गणेशोत्सवाचा हिशोब पूर्ण झाला. शिल्लक रक्कम भारतातल्या शहरांमधल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यायची, हे सर्वसाधारण सभेत ठरलंच आहे. दोन संस्थांचे अर्ज आलेत. मुंबईतल्या संस्थेला संगणक-कक्ष हवा आहे. पुण्यातली संस्था बांधकामाच्या साइटवर मुलांचे वर्ग घेते, तिला दोन शिक्षिकांचा तीन वर्षांचा पगार हवा आहे. कार्यकारिणीचा कल संगणकांकडे आहे. खर्च एकदाच, पावती एकच, आणि दिलेली वस्तू दिसते. रविवारपर्यंत मतं कळवा.

सभासद:

दादा, माझं मत पगाराला.

गेल्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा या संस्थेचा एक वर्ग बघून आले. पत्र्याची खोली, एका भिंतीला काळा रंग फासून केलेला फळा. बाहेर काँक्रीटच्या मिक्सरचा इतका आवाज की ताईंना घसा ताणूनच शिकवावं लागत होतं. दहाएक वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. ताईंनी एका शब्दाने विचारलं नाही. कोपऱ्यात सतरंजी टाकली, त्याला बसवलं, हातात रिकामा डबा दिला. मग ती मुलगी कार्डावर बोट ठेवून वाचायला लागली. क, म, ळ. तीनदा सुटं सुटं वाचलं. चौथ्यांदा 'कमळ' म्हणाली आणि ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची गावाकडची शाळा कितवीत सुटली, हे काम संपलं की मुकादम पुढे कुठे नेणार, हे सगळं ताईंना तोंडपाठ होतं.

ते माहीत असावंच लागतं. इमारत उभी राहिली की बिऱ्हाड हलतं, मग परीक्षा तोंडावर असो वा नसो. ताई पुढच्या साइटचा पत्ता लिहून ठेवतात, तिथली महापालिकेची शाळा शोधतात, मुख्याध्यापकांना भेटतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यावा लागतो, दाखला यायला उशीर झाला म्हणून परत पाठवता येत नाही. म्हणजे आमची 'कमळ' वाचणारी मुलगी थेट पाचवीत. मागचं भरून काढायला तिला खास शिकवावं असंही कायद्यात आहे, पण तिच्या शेजारी रोज बसणार कोण? पाचवीचं पुस्तक समोर आणि अक्षरं जुळत नाहीत, अशी मुलगी किती दिवस शाळेत टिकेल?

हा काही माझा एकटीचा जिव्हाळा नाही. 'प्रथम' ही संस्था 1995 साली मुंबईत सुरू झाली ती वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून. पुढे त्यांनी 'बालसखी' आणली. त्याच भागातली शिकलेली तरुण मुलगी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दोन तास वेगळं बसवून पाया पक्का करून घ्यायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात ते तपासलं. मुलांची प्रगती झाली, आणि सगळ्यात मागे असलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. संगणकही तपासले होते, वडोदऱ्यात. गणितात ते चांगलेच उपयोगी पडले, हे मी लपवणार नाही. पण तिथेही मुलांसोबत माणूस होतंच, आणि खर्चाच्या मानाने बालसखी सरस ठरली. कक्षाला कुलूप लागलं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिली, असंही मी एका शाळेत पाहिलंय. फार वाईट वाटलं होतं.

ज्येष्ठ सभासद:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी शंका पैशाच्या बाजूची आहे. पगार म्हणजे प्रशासकीय खर्च ना? भारतात परदेशातून आलेल्या पैशातून तो फार करता येत नाही, असं ऐकतो. उद्या संस्थाच अडचणीत यायची.

सभासद:

काका, शंका योग्य आहे, मीही आधी तिथेच अडले होते. परदेशी देणगीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. पण शिकवणाऱ्या माणसाचा पगार त्यात मोजत नाहीत. नियमांत शाळेतल्या शिक्षकांचं उदाहरणच दिलंय. कार्यालयाचं भाडं, हिशोबनीस, व्यवस्थापकांचा प्रवास, हे त्या 20 टक्क्यांत.

जास्त जपायचं ते दुसरीकडे. आपलं मंडळ इथे नोंदलेलं, म्हणजे आपला पैसा परदेशी देणगीच. तेव्हा संस्थेची एफसीआरए नोंदणी चालू हवी आणि रक्कम तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवी. मोठ्या संस्थेला देऊन तिने लहान संस्थेला पोचवायचं, ही वाट त्याच दुरुस्तीने बंद झाली. भारतीय पासपोर्टवाल्या सभासदांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांचं देणं परदेशीच. म्हणून दोन्ही अर्जदारांकडून नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख आधी मागवू या.

कोषाध्यक्ष:

दोन्ही संस्थांना आजच लिहितो. मात्र एक अडचण आहे. शिल्लक रकमेत दोन शिक्षिकांचं दीड वर्षच भागेल. पुढच्या उत्सवाच्या भरवशावर शब्द द्यायला मी तयार नाही.

सभासद:

मग एकाच ताईंना तीन वर्षं देऊ, आणि तिन्ही वर्षांची रक्कम आत्ताच वेगळ्या ठेवीत टाकू. पुढच्या वर्षी वर्गणी कमी झाली तरी तिला हात लावायचा नाही, असा ठराव करून घ्या. दीड वर्षात साइटवरची इमारतसुद्धा पुरी होत नाही, दादा.