क्लबच्या तासालाच रेमेडियल लावलंय. शाळेशी बोलू की गप्प बसू?

पोळीभाजी_वसई

नमस्कार. इथे वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदा.

मुलगा आठवीत आहे. शाळा सिस्टर लोकांची, ज्युनिअर केजीपासून तिथेच. आम्ही कॅथलिक नाही, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. माझं स्वतःचं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र चालवते. पालकसभेला निघताना नखातलं पीठ काढत बसते, इतकी मला त्या शाळेची अजून धास्ती आहे.

मुलाला वाचताना ओळ सुटते. बी-डी अजून उलटसुलट. तोंडी विचारा, विज्ञानाचा अख्खा धडा सांगेल. पेपरात चार ओळी, त्याही वाकड्या. सहावीत शाळेच्या काउन्सेलर मिसनीच सुचवलं म्हणून खासगीत तपासणी केली. रिपोर्टात डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्याची अडचण) दोन्ही आलं. सरकारी सर्टिफिकेट अजून काढलेलं नाही.

आता मुद्दा. शाळेत नेचर क्लब आहे. चॅपेलच्या मागे गांडूळखताचा हौद आहे आणि तो हौद म्हणजे याचा जीव. दर शुक्रवारी केंद्रातून मेथीची देठं, कोबीची वरची पानं, दुधीची सालं बादलीत भरून न्यायची. कांद्याची सालं आणि पिळलेली लिंबं मी चुकून टाकली तर निवडून बाहेर काढतो, गांडुळांना सोसत नाहीत म्हणे. गेल्या वर्षी अकरा किलो खत चाळून काढलं पोरांनी, पाकिटं करून फन फेअरला विकली. हिशेबाची वही मात्र दुसऱ्या मुलीकडे होती, हे त्याने मला स्वतःहून सांगितलं.

यंदा जूनमध्ये टाइमटेबल आलं. शुक्रवारचा सातवा तास सगळ्या आठवीला क्लबचा, आणि याचं रेमेडियल, म्हणजे वाचन-लेखनाचा खास जादा तास, त्याच तासाला. पहिल्या शुक्रवारी नेहमीसारखा बादली घेऊन गेला. संध्याकाळी बादली भरलेलीच परत आणली, केंद्राच्या मागे ओतली, धुऊन उपडी ठेवली. काही बोलला नाही. तेव्हापासून शुक्रवारी पोट दुखतं.

त्यात हाऊसच्या ज्युनिअर व्हाइस कॅप्टनची निवडणूक. वर्गातल्या पोरांनीच याचं नाव सुचवलं होतं. फॉर्मला अट: मागच्या वर्षी ६० टक्के. याला ५२. फॉर्मच मिळाला नाही.

शाळा रेमेडियलचे वेगळे पैसे घेत नाही. त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही. उद्या म्हणाल्या, नको तर बंद करतो, मग? कोणी अशातून गेलं असेल तर सांगा.

ठाणेकर_७२

कॉन्व्हेंटचा सोस कशाला? मराठी शाळेत घाला, निम्मा त्रास तिथेच संपेल.

खडू_डस्टर

ठाणेकर, मी मराठी माध्यमातली मुलंही तपासणीला सायनच्या रुग्णालयात नेलेली आहेत. घरची भाषा शाळेत असली की ओझं थोडं उतरतं, हे कबूल. पण आठवीत शाळा बदलायची म्हणजे मित्र गेले, टीचर गेल्या, गांडुळं गेली. राहिलं काय?

ताई, मी मुंबईत मिशनरी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. त्यातली नऊ वर्षं टाइमटेबल माझ्याकडे होतं, म्हणून तुमच्या मुलाचा तास तिथे कसा जाऊन बसला ते मला इथून दिसतंय. रेमेडियल घेणाऱ्या स्पेशल एज्युकेटर शाळेत एक, फार तर दोन. मुलं पाचवीपासून दहावीपर्यंतची. गणिताच्या तासाला मूल मागायला गेलं की गणिताच्या मिस म्हणतात, माझा पोर्शन राहील. सायन्सच्या म्हणतात, प्रॅक्टिकल आहे. मग उरतं काय? पीटी, ड्रॉइंग, क्लब. त्या तासांना भांडणारं कोणी नसतं. मीही हेच करायचे. ज्या तासाला पोरगं वर्गात सगळ्यांच्या बरोबरीने उभं राहतं नेमका तोच काढून घेत होते, हे मला एका मुलाच्या आजोबांनी ऐकवलं तेव्हा कळलं. तेव्हा राग आला होता त्यांचा.

उपाय आहे, आणि तो तुमच्या सर्टिफिकेटमध्ये आहे. महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, आणि एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय. भाषा सुटली की आठवड्याचे तिचे तास मोकळे झाले. रेमेडियल तिथे बसवायचं! शाळेला कुणाचाच तास तोडावा लागत नाही. माझ्या टाइमटेबलच्या शेवटच्या चार वर्षांत मी असंच केलं आणि स्टाफरूममधली कटकट निम्म्यावर आली. कोणती भाषा सोडायची ते मात्र शाळेत बसून ठरवा, घरी नको. पुढे कॉलेजला काय घेणार तेही बघावं लागतं.

सर्टिफिकेट सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाचंच लागतं, खासगी रिपोर्ट बोर्डाला चालत नाही. आमची मुलं सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जायची, काही नायरला. शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आणि मुलाच्या वह्या न्या. नीटनेटक्या नकोत. खरडलेल्या, लाल शाईने भरलेल्या, त्याच न्या. एका फेरीत होत नाही. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन, असे हेलपाटे पडतात. २०१८ च्या नियमांत चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होती, त्यामुळे मुलगा चौदाच्या आसपास असेल तर आता काय आहे ते आधीच विचारून घ्या, नाहीतर दोनदा दमाल. दहावीत जाऊन ही धावपळ करू नका. तेव्हा सगळ्यांनाच आठवण होते.

बंद करतील ही भीती काढा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात ही अध्ययन अक्षमता धरलेली आहे. सरकारी मदत घेणाऱ्या आणि नुसती मान्यता असलेल्या, दोन्ही शाळा त्यात येतात. पण ताई, कायदा पर्समध्ये ठेवा, टेबलावर नको. सिस्टरसमोर कलम काढलंत की त्या मॅनेजमेंटला फोन लावणार आणि तुमचा विषय पुढच्या जूनवर जाणार. गांडुळांबद्दल बोला. भरलेल्या बादलीबद्दल बोला.

आणि ६० टक्क्यांच्या अटीबद्दल माझं मत तिखट आहे. कॅथलिक चर्चने सगळ्या पॅरिश प्रीस्टांचा, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या फादरांचा, आश्रयदाता संत कुणाला केलं? जॉन व्हिएनी. लॅटिन डोक्यात शिरेना म्हणून सेमिनरीत (फादर होण्याचं शिक्षण देतात तिथे) ज्याची परीक्षेत दांडी उडाली, तो. १८१५ मध्ये कसाबसा फादर झाला, १९२५ मध्ये संत. सिस्टरांना हे तुम्ही सांगू नका, त्यांना पाठ असतं. मी मात्र स्टाफ मीटिंगमध्ये एकदा सांगितलं होतं. हशा झाला, अट राहिली.

इंजिनरूम_उत्तन

बोटीवर आहे, नेट येतं-जातं, म्हणून तुकड्यातुकड्यात.

ठाणेकर साहेब, मी फादरांच्या मराठी माध्यमाच्या शाळेतला. घरात आमची कोळी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, चर्चमध्ये तीच पुस्तकी. तरी अक्षरं नाचायचीच. तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या शाळेत कुणाला माहीत नव्हता, ‘लक्ष नाही’ एवढंच माहीत होतं. दहावी दुसऱ्या खेपेला काढली.

पण मी बँड लीडर होतो. साइड ड्रम. बँडच्या सरांनी मार्क विचारले नाहीत, दोन्ही हात चालतात का एवढं बघितलं. बँड लीडर म्हणून महिन्यातून एकदा असेंब्लीत सुविचार वाचायला लागायचा. आदल्या रात्री बहीण वाचून दाखवायची, मी पाठ करायचो. एकदा कागद उलटा धरून खणखणीत म्हटला. उतरल्यावर फादर कानाशी येऊन म्हणाले, पुढच्या वेळेला सरळ धर. बास. कुणाला सांगितलं नाही त्यांनी.

ताईंच्या मुलाला सांगा, कॅप्टन झालास तर शपथेला घाबरू नकोस. बॅज लावायच्या कार्यक्रमात शपथ आधी मुख्याध्यापक म्हणतात, मागून सगळे. वाचायला लागत नाही. मी दोन रात्री झोपलो नव्हतो उगाच.

आज इंजिनाचं मॅन्युअल वाचायला मला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागतो. पण पंप खोलला की तो कुठे गळतोय ते मला आधी कळतं.

पोळीभाजी_वसई

सगळ्यांना थँक्यू. उशीर झाला सांगायला, मधे गणपतीच्या ऑर्डरी होत्या.

टीचर, तुम्ही म्हणालात तसं केलं. बादली घेऊनच गेले. खरंच. सिस्टरांच्या केबिनबाहेर प्यून काकांनी विचारलं, हे काय? म्हटलं, कोबी आहे.

सिस्टरांना माहीतच नव्हतं की तास क्लबवर पडलाय. (किंवा नव्हतं असं म्हणाल्या. मला खरं वाटलं.) त्यांनी काउन्सेलर मिसना बोलावलं, मिसनी टाइमटेबलवाल्या सरांना. सर नाराज होते. म्हणाले, सर्टिफिकेट येईपर्यंत हिंदी सोडता येणार नाही, पण आठवड्यातले हिंदीचे दोन तास रेमेडियलला देतो, परीक्षा मात्र द्यावी लागेल. मी हो म्हटलं. शुक्रवार मोकळा झाला. सायनसाठी पत्रही त्याच दिवशी मिळालं.

कॅप्टनचं नाही झालं. अट सगळ्यांना सारखी, यंदा बदलता येणार नाही, पुढच्या वर्षी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ म्हणाल्या. मी वाद घातला नाही. घरी येऊन मात्र चिडले, पोळ्या जाड झाल्या त्या दिवशी. दादा, तुमचा उलट्या कागदाचा किस्सा त्याला वाचून दाखवला. पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, पण पंप कुठला, कूलिंगचा का? मला काय माहीत. तुम्हीच सांगा.

टीचर, एक विचारायचं होतं. डोळ्यांची तपासणी इथे वसईत करून घेऊ का, की तिकडेच करतात?

खडू_डस्टर

आमच्या मुलांची तिकडेच झाली. चष्मा असेल तर त्याचा जुना कागद तेवढा जवळ ठेवा. सकाळची पहिली ओपीडी धरा आणि त्याला रिकाम्या पोटी नेऊ नका, दुपार होते.

इंजिनरूम_उत्तन

समुद्राच्या पाण्याचा, कूलिंगचाच. बरोबर ओळखलं त्याने.