गायीच्या देवी आणि माणसाच्या देवी

वर एकांनी विचारलंय की एक रोग होऊन गेला तर दुसऱ्यापासून बचाव होतो हे खरं का, तर हो, आणि देवीची लस त्यातूनच आली. इंग्लंडात गवळणींना गायीच्या देवी व्हायच्या, हातावर दोनचार फोड यायचे, पण मग मोठ्या देवी त्यांच्या वाटेला जात नाहीत हे खेड्यातल्या लोकांना आधीपासून माहीत होतं. जेन्नर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये असाच एका गवळणीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या पोराला टोचला, नंतर खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला, काही झालं नाही (आज असा प्रयोग कुणी करूच देणार नाही!). दोन्ही व्हायरस इतके जवळचे की शरीराची एकाशी ओळख झाली की दुसराही ओळखू येतो.

ती लस बगदाद-बसऱ्यामार्गे आपल्याकडे आली आणि भारतात पहिल्यांदा १४ जून १८०२ ला मुंबईतच एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली, पुढे तिच्या फोडातून इतर मुलांना. आजीच्या दंडावरचा तो गोल व्रण बघितला की मला हे सगळं आठवतं.

पण प्लीज, यावरून मुद्दाम आजारी पडायचं असा अर्थ काढू नका. डेंग्यूत नेमकं उलटं होऊ शकतं, त्याचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला आणि नंतर दुसऱ्या प्रकारचा झाला तर जुन्या अँटीबॉडी (पहिल्या वेळी शरीराने व्हायरसशी लढायला बनवलेली प्रथिनं) अर्धवट चिकटतात आणि व्हायरसला पेशीत शिरायला उलट मदतच करतात, म्हणून दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर ताप उतरल्यावरही पेशंटवर लक्ष ठेवा.