सात महिने भाडं नाही, मी कुलूप ठोकलं तर काय चुकलं?

आर्वी_रोड: मागच्या दोन खोल्या एका वसुलीवाल्या पोराला दिल्या. महिना दीड हजार, सगळं तोंडी. सात महिन्यांत एक रुपया नाही. पोळ्याला तो गावी गेला की कुलूप बदलायचं आणि सामान ग्रामपंचायतीसमोर नेऊन ठेवायचं, असं ठरवलंय. घर माझं, घरपट्टी मी भरतो. मग कोर्टाची पायरी मी का चढू?

बोंडअळी: बरोब्बर. कोर्टात गेलं तं खोली नातवालेच भेटते बाप्पा. आमच्या मामानं भर वैशाखात लाइन कापली होती. कूलर बंद झाला अन् तिसऱ्या दिवशी खोली खाली!

भाड्याची_खोली: मामा हुशार. त्या खोलीत तान्हं लेकरू असतं तर? बावीस वर्षं भाड्यानं काढलीत मी. एकदा हे दवाखान्यात भरती असताना घरमालकानं माझी भांडी पावसात ओट्यावर काढून ठेवली. भाडं दिलेलं होतं, पावती मागायची कधी सुचली नाही. तो म्हणाला, दिलंच नाही. भाडं थकलं की नाही हे मालकच ठरवणार, अन् कुलूपही तोच लावणार?

काळा_कोट: तालुका कोर्टात वकिली करतो. कुलूप लावू नका. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ बघा: कायद्याची वाट सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात 'घर माझं आहे' हे उत्तर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १९८९ मध्ये म्हटलं आहे की स्थिर ताब्यातल्या माणसाला राहायचा हक्क उरला नसला तरी मालकानं स्वतःच्या हातानं काढायचं नाही.

राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याला जोडलेल्या यादीतल्या (अनुसूचीतल्या) क्षेत्रांनाच लागतो. तिथं कलम २९ खाली वीज-पाणी तोडायलाही मनाई आहे, मामांना सांगा. गाव त्यात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिन्याच्या भाड्याला १५ दिवसांची लेखी नोटीस, मग दिवाणी दावा.

बोंडअळी: नोटीस, दावा, तारीख, तारीख, तारीख. तवरक तो पोरगा फुकट राहते अन् वकिलाची फी आम्ही भरतो. गरीब फक्त भाडेकरूच असते का हो? विधवा बाईची एकच खोली भाड्यानं असते, तिचं घर त्याच्यावरच चालते.

काळा_कोट: वेळ लागतो, ते खोटं नाही. म्हणून तर आधी कागद करा म्हणतो. भाडे नियंत्रण लागू असलेल्या भागात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, नोंदणीकृत करार असेल तर राहत्या खोलीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, मुदत संपल्यावरही राहिला तर दुप्पट शुल्क मागता येतं. तोंडी व्यवहारात आधी भाडं दीड हजारच होतं हेच सिद्ध करत बसावं लागेल.

भाड्याची_खोली: आर्वीवाले भाऊ, अनामत किती घेतली होती?

आर्वी_रोड: दहा हजार.

भाड्याची_खोली: सात महिन्यांचे साडेदहा होतात. म्हणजे पाचशे रुपयांसाठी पोळ्याचा मुहूर्त काढला का?

काळा_कोट: अनामत म्हणजे भाडं नव्हे, पण तो निघताना हिशेब तिच्यातूनच होईल. पैसे बाजूला ठेवलेत ना?

आर्वी_रोड: ते पेरणीच्या वेळी सरकीच्या बियाण्यात गेले.