मदत हवी आहे : दुःखातल्या भगिनींसमोर 'प्रभूमध्ये आनंद करा' हे वचन कसे मांडावे?

सोलापुरात पूर्वभागातील आमच्या घरगुती प्रार्थनासभेत येणाऱ्या बहुतेक भगिनी विड्या वळतात किंवा त्यांच्या घरचे यंत्रमागावर कामाला आहेत, आणि सध्या काम कमी झाल्याने घरे कशीबशी चालली आहेत. हे वचन ज्यात आहे तो बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचल्यावर, पतीचे डायलिसिस चालू असलेल्या एका भगिनीने सुपाच्या कडेवर बोट फिरवत विचारले, "मग मी रडते, ते अविश्वासाचे लक्षण का?" त्यानंतर ती आलेली नाही.

पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले, हे मी सांगून पाहिले. पण तो प्रेषित होता, आम्ही नाही, असे उत्तर आले, आणि मला ते रास्त वाटते. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत तरी परमेश्वराठायी उल्हास, हा भाग मात्र सर्वांना पटला. शेवटपर्यंत अंधारातच राहणारे 88 वे स्तोत्र वाचण्याचे अद्याप धाडस झालेले नाही.

आर्थिक मदतीचे मंडळी (चर्च) पाहत आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे नाही. सभा अर्धा तासच चालते, काहींना तेलुगूच अधिक कळते आणि अनेकींना वाचता येत नाही, म्हणून पाठ मोठ्याने वाचण्याजोगा छोटा हवा. अशा गटात विलापाची स्तोत्रे आधी घेऊन मग फिलिप्पैकरांस पत्राकडे यावे, की हबक्कूकापासूनच पुढे जावे, आणि त्या भगिनीच्या घरी जाऊन प्रथम कोणता उतारा वाचावा?