किमिको दाते १२ वर्षांनी परतली, तेव्हा तिच्या हातात काय शिल्लक होतं?

आठवी गल्ली:

नमस्कार मंडळी. प्रश्न जपानची टेनिसपटू किमिको दातेबद्दल आहे. पण तो का पडला हे सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही, तेव्हा थोडं लांबेल.

१९९६ च्या जुलैमध्ये मी १० वर्षांची होते. बाबा मला पहाटे साडेपाचला लुनावर मागे बसवून कोल्हापुरात राजारामपुरीतून टेनिस कोर्टावर न्यायचे. एरवी वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र कोर्ट येईपर्यंत बोलत होते. आदल्या रात्री शेजारच्यांच्या केबलवर त्यांनी विम्बल्डनची उपांत्य फेरी बघितली होती. स्टेफी ग्राफनं पहिला सेट ६-२ असा घेतला, दुसऱ्यातही २-० ची आघाडी. तिथून त्या जपानी मुलीनं सलग ६ गेम काढले. एकेक सेट झाला आणि तिकडे अंधार पडला, सामना थांबवला. बाबा म्हणत होते, आणखी अर्धा तास उजेड हवा होता. दुसऱ्या दिवशी ग्राफ ताजी होऊन आली आणि तिनं तिसरा सेट ६-३ असा जिंकला. दाते हे नाव ऐकून आमच्या आजीला ती पुण्याकडची कोणी वाटली होती. ती हरली म्हटल्यावर आजी खूप हळहळली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोत फेड कपच्या, म्हणजे देशादेशांमधल्या महिला टेनिसच्या, लढतीत दातेनं याच ग्राफला ७-६, ३-६, १२-१० असं हरवलं होतं. आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तिनं खेळणंच सोडलं. क्रमवारीत ४ थ्या स्थानापर्यंत पोहोचलेली, ऑस्ट्रेलियन (१९९४), फ्रेंच (१९९५) आणि विम्बल्डन (१९९६) अशा तिन्ही ठिकाणी उपांत्य फेरी गाठलेली मुलगी. बाबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आता माझं. विद्यापीठाकडून खेळले. नंतर २००८ च्या उन्हाळ्यात इथल्याच एका स्पर्धेची उपांत्य फेरी. एकेक सेट, तिसऱ्यात मी ४-३ नं पुढे, सर्व्हिस माझी. कोर्टाला दिवे नव्हते. उरलेला सामना उद्या सकाळी ८ ला, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळी ८ ला मी कोर्टावर नव्हते, घरी साडी नेसत होते. समोरच्या मुलीला पुढे चाल मिळाली. मला कुणी अडवलं नाही, जा म्हणूनही कुणी म्हणालं नाही. रॅकेट आईनं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली.

गेल्या महिन्यात बाबांचं कपाट आवरताना त्यांच्या वहीत दातेवरची कात्रणं सापडली, म्हणून तिच्याबद्दल वाचायला बसले. तेव्हा कळलं की २००८ च्या एप्रिलमध्येच तिनं परत येत असल्याचं जाहीर केलं होतं. वय ३७. त्या उन्हाळ्यात मी सोडत होते आणि ती येत होती, आणि मला पत्ताही नव्हता.

तर प्रश्न असा. १२ वर्षांत टेनिस पार बदललं होतं. रॅकेटच्या तारा बदलल्या, सर्व्हिसचा वेग वाढला, समोर सहा-सहा फुटी मुली आल्या. ही जेमतेम ५ फूट ४ इंच. मग तिच्यापाशी असं काय उरलं होतं की ज्यावर ती पुन्हा उभी राहिली? आणि ते सगळ्यांचंच उरतं का? मी आता ३९ वर्षांची आहे. माळ्यावरची रॅकेट काढून पुसून ठेवली आहे.

मातीचं कोर्ट:

ताई, ४० वर्षं पोरं शिकवतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

दातेचा खेळ ताकदीवर नव्हताच कधी. तो वेळेवर होता. बाकीचे काय करतात, टप्पा पडला की दोन पावलं मागं सरतात, चेंडू वर जाऊन कमरेपाशी उतरू देतात आणि मग मारतात. ही बेसलाईनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, कधी आत पाऊल टाकून, टप्पा पडून चेंडू वर चढत असतानाच घ्यायची. आम्ही त्याला राईजवर घेणं म्हणतो. त्यात दोन गोष्टी होतात. समोरच्याचाच जोर तुम्हाला फुकट मिळतो, आणि त्याला सावरायला वेळ उरत नाही. हात मागं फार न्यायचा नाही, मनगट घट्ट, फटका सपाट. चेंडू जाळीच्या वरून चार बोटांवर जातो.

आता बघा, समोरची पोरं जितकी जोरात मारणार, तितका हिचा फटका जोरात परत जाणार. म्हणून काळ बदलला तरी तिचं अडलं नाही. पाय पूर्वीसारखे पळत नसतील, पण नजर आणि अंदाज शाबूत होता. गवतावर चेंडू खाली राहतो, तिथं तर ही जास्तच अवघड.

आणखी एक. ती मूळची डावखुरी. लहानपणी उजव्या हातावर वळवलेली. आपल्याकडं पण डाव्या हातानं जेवणाऱ्या पोराला दटावतातच की. पण दोन हातांच्या बॅकहँडला डावा हात हाच खरा हात असतो. तिचा बॅकहँड एवढा पक्का का, ते मला त्यातून उमगलं.

तुमचं विचाराल तर भिंतीपासून ८ पावलांवर उभं राहा. एकच टप्पा. चेंडू वर येताना घ्या. रोज १५ मिनिटं, जास्त नको. सर्व्हिसला पहिला महिनाभर हात लावू नका, खांदा धरेल. आणि ती जुनी रॅकेट तशीच वापरू नका. तारा १७ वर्षांच्या झाल्यात, त्या मेल्या. नव्या घाला, जरा सैल ओढायला सांगा.

आकडे बोलतात:

ताईंचं सगळं वाचलं, मनाला लागलं. तरी एक बाजू मांडतो, कारण दातेच्या दुसऱ्या डावाबद्दल फार हळवं लिहिलं जातं.

एकेरीची ८ विजेतेपदं, त्यांतली ७ पहिल्या डावातली. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, तिन्ही उपांत्य फेऱ्या पहिल्या डावातल्या. परतल्यावर एकेरीत ग्रँड स्लॅमच्या ३ ऱ्या फेरीपुढे ती गेली नाही. शेवटचा सामना सप्टेंबर २०१७, टोकियो, ०-६, ०-६. माझ्या मते खरं दुःख १९९६ चं आहे. २६ ते ३२ ही जी वर्षं गेली त्यांत विम्बल्डन होतं. ती वर्षं कुठल्याही पुनरागमनानं भरून येत नाहीत. परतणं मोठं आहे, ते मान्यच. पण सोडायला नको होतं, हे आपण मुलींना स्पष्ट सांगायला हवं.

पोटरी आणि टाच:

फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीला असते. दातेबद्दल वर लिहिलेलं सगळं खरं, पण मधली १२ वर्षं ती नुसती बसून नव्हती हे विसरू नका. २००४ साली लंडन मॅरेथॉन तिनं साडेतीन तासांच्या आत पूर्ण केली होती. शरीर चालू होतं, फक्त स्पर्धा बंद होत्या. आणि तरीही २०१० च्या फ्रेंच ओपनमध्ये रशियाच्या दिनारा साफिनाला हरवताना तिच्या पोटरीनं दगा दिलाच, आणि २०१६ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या.

चाळिशीत परतणाऱ्यांना मी दोन जागा दाखवते, पोटरी आणि टाचेची शीर. टेनिसमध्ये पाय एकदम सुटतो आणि एकदम थांबतो, चालण्याच्या व्यायामानं त्याची तयारी होत नाही. पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, टाच खाली सोडा, हळू वर घ्या. १५ वेळा, दिवसातून दोनदा. तीन आठवडे हे करा, मग कोर्टावर जा. सकाळी अंग गार असताना तर अजिबात पळू नका.

खासबागवाला:

ताई, लांब कशाला जाताय? आपल्या गावची तेजस्विनी सावंत टोकियो ऑलिम्पिकला नेम धरायला उभी राहिली तेव्हा ४० वर्षांची होती. म्युनिकला २०१० ला जगज्जेती झालेली बाई, नंतर ११ वर्षं थांबून ऑलिम्पिकला गेली. नाद करायचा तर असा. काढा रॅकेट.

आठवी गल्ली:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

आकडेवाले दादा, तुमचं म्हणणं मी दोन-तीन दिवस डोक्यात घोळवलं. १९९६ चं दुःख मलाही आहे, बाबांना तर होतंच. पण एक हिशेब तुमच्याकडून राहिला. ती व्यावसायिक झाली १९८९ मध्ये आणि थांबली १९९६ मध्ये, म्हणजे ७ वर्षं. दुसरा डाव २००८ ते २०१७, म्हणजे ९ वर्षं. जो डाव पहिल्यापेक्षा लांब चालला त्याला मी शेपूट म्हणणार नाही. दक्षिण कोरियातल्या सोलच्या स्पर्धेचं विजेतेपद तिनं २००९ मध्ये जिंकलं तेव्हा ३९ वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यावर तिच्याहून मोठ्या वयात एकेरीचं विजेतेपद फक्त अमेरिकेच्या बिली जीन किंगनं घेतलंय. आणि २०१३ मध्ये, ४२ व्या वर्षी, विम्बल्डनच्या ३ ऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सकडून ती ६-२, ६-० अशी हरली, हे तुम्ही म्हणाल. हो, हरली. पण तिथपर्यंत पोहोचताना पहिल्या फेरीत तिनं एका १८ वर्षांच्या मुलीला हरवलं होतं.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडला तो २०११ चा विम्बल्डनमधला व्हीनस विल्यम्सविरुद्धचा सामना. सर, तुम्ही राईजवर घेणं म्हणालात, ते मी त्या सामन्याची चित्रफीत लावून पुन्हा पुन्हा बघितलं. व्हीनस तिथली पाच वेळची विजेती, ही ४० वर्षांची. पहिल्या सेटमध्ये दाते ५-१ नं पुढे जाते. व्हीनसची सर्व्हिस धाडकन येते आणि हिची रॅकेट मागे जातच नाही, नुसती आडवी येते आणि चेंडू कोपऱ्यात. पहिला सेट ६-६ नंतरच्या टायब्रेकमध्ये घेतला, पुढचे दोन ३-६, ६-८ असे गेले, जवळजवळ तीन तास. बाहेर पाऊस होता म्हणून छत ओढलेलं आणि दिवे लावलेले. १९९६ ला याच कोर्टावर अंधार पडला म्हणून तिला थांबवलं होतं. या वेळी कुणी थांबवलं नाही, शेवटच्या गुणापर्यंत खेळू दिलं. तिथं मी चित्रफीत थांबवून थोडा वेळ तशीच बसले.

आता माझं. टाचेचा व्यायाम तीन आठवडे झाला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, दूध तापेपर्यंत. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "तू कर, दुधाकडं मी बघतो." तारा नव्या घातल्या, सरांनी सांगितल्या तशा सैल.

परवा पहिल्यांदा गेले. कोर्ट तेच आहे. आता दिव्यांचे चार खांब आलेत. भिंतही तीच, पण रंग हिरवा दिलाय. ८ पावलं मोजून उभी राहिले. पहिले पाच-सहा चेंडू मी सवयीनं मागे सरून घेतले, मग एकदा ठरवून पाऊल पुढे टाकलं. तो चेंडू रॅकेटच्या मधोमध लागला. तो आवाज मी विसरले नव्हते. पंधरा मिनिटांत असे ११ लागले, मी मोजले.

निघताना तिथल्या रखवालदार काकांनी विचारलं, कितीपर्यंत येणार रोज. संध्याकाळी ७ नंतरची वेळ लिहून आले आहे.

सर, एक विचारायचं राहिलं. पाऊल पुढे टाकताना माझं वजन पुढच्या पायावर आधीच जातंय आणि बॅकहँड जाळीत जातोय. भिंतीवर हे कसं दुरुस्त करू?

मातीचं कोर्ट:

वजन आधी जातंय म्हणजे तुम्ही चेंडूकडं धावताय. पाय टाका, पण खांदा वळवून झाल्यावर. आधी खांदा, मग पाय. आणि तोंडानं मोजा, टप्प्याला "एक", फटक्याला "दोन". या दोन्हीत अंतर पडलं की समजा उशीर झाला. गुरुवारी ७ ला मी तिकडंच असतो, दोन टोपल्या चेंडू घेऊन येतो.